पोटातल्या बाळाच्या मेंदूत दोष सांगितलाय? मग आता एकेक पायरीने काय करायचं

ॲनोमली स्कॅनच्या, म्हणजे बाळाचे सगळे अवयव बघणाऱ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'व्हेंट्रिक्युलोमेगाली' किंवा 'कॉर्पस कॅलोसम दिसत नाही' किंवा 'डँडी-वॉकर' असलं काही छापून आलं की घरात सगळ्यात आधी सगळेजण तो शब्द मोबाईलवर टाकतात, तिथे वाईटात वाईट केसेसचे फोटो वर येतात, ते बघून हादरतात आणि रात्रीपर्यंत सासर-माहेर मिळून निर्णय पण घेऊन मोकळे होतात. मी परळला जेनेटिक काउन्सेलिंगच्या ओपीडीत बसते, विरार-पालघरपासून कर्जत-कसाऱ्यापर्यंतची माणसं तिथे येतात, आणि प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगते की दोषाचं नाव ही अर्धीच माहिती आहे, उरलेली अर्धी म्हणजे तो दोष एकटा आहे की सोबत अजून काही घेऊन आलाय. एकाच नावाचा दोष एका बाळात एकटा असतो आणि ते मूल पुढे शाळेत जातं, भांडतं, अभ्यासाचा कंटाळा करतं, आणि दुसऱ्या बाळात तोच दोष हृदय, किडनी, क्रोमोसोम (गुणसूत्रं) अशा गडबडींबरोबर येतो तेव्हा सगळं चित्रच वेगळं होतं. त्यामुळे पुढचं सगळं याच एका प्रश्नाच्या मागे आहे, सोबत काय आहे ते कसं शोधायचं, कोणत्या क्रमाने आणि कधीपर्यंत.

पहिलं काम: रिपोर्ट शांतपणे वाचा

खाली लिहिलेला निष्कर्ष नुसता वाचू नका, वरचे आकडे बघा. पहिला आकडा म्हणजे किती आठवडे. हे पाळीच्या तारखेवरून धरलेत की पहिल्या सोनोग्राफीवरून ते विचारून घ्या, कारण पाळी मागेपुढे होणाऱ्या बाईच्या बाबतीत दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो आणि सुरुवातीची, म्हणजे सात ते बारा-तेरा आठवड्यांतली सोनोग्राफी त्यासाठी सगळ्यात भरवशाची असते. आठवड्यांवर पुढे दोन गोष्टी अडतात, एक म्हणजे मेंदूचा कुठला भाग त्या वयात दिसायला हवा आणि दुसरं म्हणजे कायदा.

मग मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीचं माप बघा, ही पोकळी मोठी झाली की त्यालाच 'व्हेंट्रिक्युलोमेगाली' म्हणतात, रिपोर्टात बहुतेक 'एट्रियम' किंवा 'लॅटरल व्हेंट्रिकल' असं मिलिमीटरमध्ये असतं. १० च्या खाली नॉर्मल, आणि हे माप गर्भ वाढला तरी १० च्या आतच राहायला हवं. १० ते १२ म्हणजे सौम्य, १३ ते १५ मध्यम, १५ च्या वर गेलं की गंभीर धरतात. १०.५ आलेल्या बाईला कोणी "डोक्यात पाणी आहे" एवढंच सांगून घरी पाठवलं तर ती कोसळते, पण सौम्य आणि एकटंच असेल, बाकी सगळ्या तपासण्या स्वच्छ असतील, तर शंभरातल्या नव्वदहून जास्त मुलांची वाढ नॉर्मल होते. हा आकडा मी दरवेळी कागदावर लिहून हातात देते कारण त्या क्षणी बोललेलं कानात शिरत नाही.

पुढे बघा, 'कॅव्हम सेप्टम पेल्युसिडम', म्हणजे मेंदूच्या मधोमध असलेली पाण्याची छोटी जागा, दिसतंय असं लिहिलंय का. साधारण १८ ते ३७ आठवड्यांत ते दिसायलाच हवं आणि नसेल तर मधला पूल, म्हणजे कॉर्पस कॅलोसम, तपासावा लागतो. लहान मेंदूचं, म्हणजे डोक्यात मागे असलेल्या सेरेबेलमचं, आडवं माप विसाव्या आठवड्याच्या आसपास जेवढे आठवडे जवळपास तेवढे मिलिमीटर असतं, म्हणजे २० आठवड्यांना २० च्या जवळ. त्याच्या मागची पाण्याची जागा, 'सिस्टर्ना मॅग्ना', २ ते १० मिलिमीटर असते. ती जागा गायब असेल आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला लिहिला असेल तर डॉक्टरांना पाठीचा कणा पुन्हा नीट बघायला सांगा, कारण ही खूण बहुतेकदा मणक्याच्या दोषाची असते. पाठीचं छिद्र लहान असलं तर थेट दिसत नाही, डोक्यातली ही खूण आधी दिसते.

अजून एक, १८ आठवड्यांना केलेल्या स्कॅनवरून लगेच शिक्का मारून घेऊ नका. कॉर्पस कॅलोसम साधारण विसाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होतो, लहान मेंदूचा मधला भाग, व्हर्मिस, तोही तेव्हा अजून मिटत असतो आणि मधे फट दिसू शकते. उलट २० आठवड्यांना प्रत्येक बाळाचा मेंदू वरून गुळगुळीतच असतो, घड्या नंतर पडतात, त्यामुळे 'लिसेन्सेफाली' नावाचा घड्या न पडण्याचा दोष त्या स्कॅनमध्ये नाही म्हणून कोणी ठामपणे सांगू शकत नाही.

दुसरं काम: फीटल मेडिसिनवाल्या डॉक्टरकडे पुन्हा स्कॅन

फीटल मेडिसिन म्हणजे पोटातल्या बाळाचे तज्ज्ञ. हे शक्यतो त्याच आठवड्यात करा. नेहमीच्या सोनोग्राफी सेंटरने शंका काढली हे चांगलंच केलं, पण आता 'न्यूरोसोनोग्राफी' लागते, म्हणजे मेंदू तिन्ही दिशांनी बघणं, आणि बाळाचं डोकं खाली असेल तर योनीमार्गातूनही स्कॅन करतात कारण त्यातून मधला भाग फार स्पष्ट दिसतो. त्याला घाबरू नका, बाळाला काही होत नाही. मुंबईत केईएम, नौरोसजी वाडिया मॅटर्निटी, सायन, नायर अशा मोठ्या हॉस्पिटलांत दाखवता येतं, खाजगीत पण आहेत. सरकारी किंवा पालिकेच्या ठिकाणी जाणार असाल तर सकाळी लवकर केसपेपरच्या लाइनीत उभं राहायची तयारी ठेवा, आणि सगळे जुने रिपोर्ट, फिल्म असतील तर फिल्म, आधार कार्ड, रक्तगटाचा कागद, शुगर-थायरॉइडचे रिपोर्ट एकाच फाइलीत तारखेप्रमाणे लावून न्या. मुलगा की मुलगी हे चुकूनही विचारू नका, गर्भलिंग निदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे आणि तुमच्या एका प्रश्नाने डॉक्टर अडचणीत येतो.

या स्कॅनला तुम्ही स्वतः विचारायचं: हृदय नीट बघितलं का, दोन्ही किडन्या, हातापायाची बोटं मोजली का, पाऊल आत वळलंय का, ओठ-टाळू, डोळे, पाठीचा कणा शेवटपर्यंत, बाळाचं वजन आठवड्यांप्रमाणे आहे का. आणि फीटल इको, म्हणजे हृदयाची वेगळी सोनोग्राफी, साधारण २० ते २४ आठवड्यांत करून घ्या. मेंदूचा दोष आलेल्या बाळात हृदय न तपासता पुढे जायचं नाही, हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही असंच सांगेन.

कशाबरोबर काय येतं, हे थोडं सविस्तर

हा भाग लांब आहे पण वाचा, निदान तुमच्या रिपोर्टातल्या नावाचा तरी.

कॉर्पस कॅलोसम म्हणजे मेंदूच्या दोन बाजूंना जोडणारा पूल. तो पूर्ण नसणं किंवा अर्धवट असणं. एकटाच दोष असेल, क्रोमोसोम आणि एमआरआय स्वच्छ असतील, तर चारातल्या साधारण तीन मुलांची वाढ नॉर्मलच्या जवळपास जाते, काहींना शाळेत गेल्यावर अभ्यासात, माणसांत वागण्यात अडचण जाणवते, आणि उरलेल्यांना जास्त त्रास असतो. ही खात्री नाही, शक्यता आहे, आणि कुठलं मूल कुठल्या गटात जाईल हे पोटात असताना कोणी सांगू शकत नाही. सोबत मेंदूच्या घड्यांची गडबड, मधे गाठ किंवा सिस्ट (पाण्याची पिशवी), डँडी-वॉकर, ट्रायसोमी १८ किंवा १३ (त्या नंबरचा एक क्रोमोसोम जास्त) असेल तर हा सगळा हिशोब बदलतो. मुलींमध्ये एक आयकार्डी सिंड्रोम असतो, त्यात हा पूल नसतो, डोळ्याच्या पडद्यावर खास डाग असतात आणि पहिल्या काही महिन्यांत झटके सुरू होतात, म्हणून जन्मल्यावर डोळ्याचा पडदा तपासणं सोडायचं नाही.

डँडी-वॉकरमध्ये व्हर्मिस छोटा असतो आणि वर वळलेला असतो, चौथी पोकळी सिस्टसारखी फुगते, पुष्कळदा डोक्यात पाणी साठतं. सोबत हृदयाचे दोष, किडनी, चेहरा, कॉर्पस कॅलोसम, क्रोमोसोम, सगळं बघावं लागतं. पण त्याच जागी 'मेगा सिस्टर्ना मॅग्ना' आणि 'ब्लेक्स पाउच सिस्ट' पण दिसतात, व्हर्मिस पूर्ण असतो आणि एकटेच असले तर बहुतेक मुलं ठणठणीत असतात. हे तिन्ही एकमेकांत मिसळून लिहिलेले रिपोर्ट येतात, म्हणून दुसरं मत घ्या असं मी इतक्या जोरात सांगते. आणि याच जागी अजून एक आजार लपतो, जुबेर सिंड्रोम, त्यात एमआरआयवर दाढेसारखी आकृती दिसते, जन्मल्यावर श्वास कधी भराभर कधी थांबून होतो, आणि पुढे काही वर्षांत डोळ्याचा पडदा, किडनी, लिव्हर बिघडू शकतात. जन्माच्या वेळी किडनी चांगली होती म्हणून सोडून द्यायचं नाही, दरवर्षी तपासायची.

मणक्याचं छिद्र, म्हणजे स्पायना बिफिडा, आणि त्याबरोबर डोक्यातला कियारी २, म्हणजे लहान मेंदू मानेकडे खाली ओढला जाणं. लोक म्हणतात पाठीवर गाठ आहे, पण सोबतचं ओझं बरंच असतं: डोक्यात पाणी, पायात ताकद कमी, पाऊल वळलेलं, लघवी-संडासवर ताबा नसणं. बुद्धी मात्र बऱ्याच मुलांची चांगली असते, हे घरच्यांना कोणी सांगतच नाही. २०११ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले, त्यात २६ आठवड्यांच्या आत पोटातच ऑपरेशन केलेल्या बाळांत पहिल्या वर्षात शंटची (डोक्यातलं जास्तीचं पाणी बाहेर वळवणाऱ्या नळीची) गरज ८२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आली, पण लवकर प्रसूती आणि आईच्या गर्भाशयावरचा व्रण हे धोके त्यात आहेतच. फीटल मेडिसिनवाल्यांना या पर्यायाबद्दल वेळेत विचारा, सगळ्यांना ते लागू होत नाही.

होलोप्रोसेन्सेफाली, पुढचा मेंदू दोन भागांत न विभागणं. इथे चेहरा बघावा लागतो, डोळे जवळजवळ, ओठ मधोमध फाटलेला, आणि ट्रायसोमी १३ ची शक्यता मोठी असते. आईची शुगर गरोदर राहताना खूप वाढलेली असेल तर तेही एक कारण असतं. सौम्य प्रकारातली बाळं जन्मून वाढतात, पण त्यांची हार्मोन्स आणि सोडियम सांभाळावं लागतं. तसंच दोन्ही बाजूंमधला पातळ पडदा, सेप्टम, नसेल तर डोळ्याची नस आणि पिट्युटरी ग्रंथी बघायची, कारण जन्मल्यावर शुगर वारंवार खाली जाणं आणि कावीळ लांबणं ही त्याची पहिली खूण असू शकते.

कवटीच्या मागून मेंदू बाहेर आलाय, एन्सेफालोसील, आणि सोबत किडन्या मोठ्या, सिस्टने भरलेल्या, हातापायाला सहावं बोट, हे तिन्ही एकत्र आले तर मेकेल-ग्रुबर. ते बाळ जगत नाही आणि पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक एवढी शक्यता असते. म्हणूनच मी बोटं मोजायला सांगते.

डोक्यात खूप पाणी, मधला मार्ग अरुंद आणि अंगठा तळव्यात दुमडलेला असेल तर आईकडून मुलाला येणाऱ्या एका जीनची शंका येते, एल१कॅम. इथे आजी कामाला येते. आम्ही ओपीडीत कागदावर दोन्हीकडची वंशावळ काढतो, गोल बायकांसाठी चौकोन पुरुषांसाठी, आणि सुनेला काहीच माहीत नसतं पण तिच्या आईला विचारलं की ती हळूच सांगते, माझा एक भाऊ डोकं मोठं होऊन सहा महिन्यांचा गेला होता. त्या एका वाक्याने कुठली टेस्ट करायची ते ठरतं. तेव्हा येताना मुलीच्या आईला आणि सासूला दोघींनाही आणा किंवा फोनवर तरी ठेवा, आणि मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालं असेल तर संकोच न करता सांगा, आम्हाला दोष द्यायचा नसतो, टेस्ट निवडायची असते.

तिसरं काम: कारण शोधायच्या टेस्ट

डबल मार्कर किंवा एनआयपीटी नॉर्मल आली होती मग हे कसं, असं सगळे विचारतात. त्या टेस्ट काही ठराविक क्रोमोसोमच्या चाळण्या आहेत, मेंदू कसा बनलाय हे त्यात कळत नाही. दोष दिसल्यावर लागते ती पोटातलं पाणी काढून तपासणी, ॲम्निओसेंटेसिस, साधारण १६ आठवड्यांनंतर कधीही. त्यावर नुसतं कॅरिओटाइप (क्रोमोसोमची संख्या आणि ढोबळ रचना बघणं) करू नका, मायक्रोअरे मागा, त्यात छोटे तुटलेले तुकडेही कळतात. ते पण नॉर्मल आलं आणि दोष एकापेक्षा जास्त असतील तर एक्झोम, म्हणजे एकाच वेळी हजारो जीन वाचणारी टेस्ट. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून पाणी कधी काढायचं हे आजच ठरवायला लागतं. गर्भपाताचा धोका शे-दोनशेत एक किंवा त्याहून कमी आहे. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन लागतं, ते तुम्ही आठवण करून द्या.

त्याच पाण्यात सीएमव्ही आणि टोक्सोप्लाझ्मा, म्हणजे आईकडून बाळाला होणारे दोन संसर्ग, बघायला सांगा, विशेषतः मेंदूत पांढरे ठिपके, डोकं लहान, पोकळी मोठी असं असेल तर. सीएमव्हीचं एक अगदी लक्षात ठेवायचं: बाळ जन्मल्यावर लघवी किंवा लाळेची तपासणी पहिल्या २१ दिवसांतच करायची, नंतर पॉझिटिव्ह आली तरी पोटातून आलंय की बाहेर लागलंय ते सांगता येत नाही, आणि लक्षणं असलेल्या बाळाला औषध पहिल्या महिन्यातच सुरू करतात. कान यात हळूहळू जातात, म्हणून जन्माची ऐकण्याची टेस्ट पास झाली तरी पुढची वर्षं पुन्हा पुन्हा करायची.

फीटल एमआरआय साधारण २२ आठवड्यांनंतर उपयोगाची होते आणि घड्या बघायला २८ ते ३२ आठवडे सगळ्यात चांगले. क्ष-किरण नसतात, इंजेक्शन देत नाहीत. अडचण अशी की सगळ्यात चांगली एमआरआय ज्या वेळी होते त्या वेळी कायद्याची २४ आठवड्यांची रेघ मागे पडलेली असते.

चौथं काम: कायदा आणि निर्णय

२०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताचा एमटीपी कायदा असा आहे: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ मध्ये बाळातल्या गंभीर दोषासारख्या ठराविक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं, आणि २४ नंतर दोष गंभीर असेल तर सरकारने नेमलेलं मेडिकल बोर्ड ठरवतं, तिथे आठवड्यांची वरची मर्यादा नाही. बोर्डाने अर्ज मिळाल्यापासून ३ दिवसांत मत द्यायचं असतं. २००८ साली मुंबईच्याच एका जोडप्याला बाळाच्या हृदयाच्या दोषासाठी हायकोर्टात जावं लागलं होतं आणि परवानगी मिळाली नव्हती, तेव्हा मर्यादा २० आठवड्यांची होती. आता कोणी तुम्हाला २० च्या पुढे काहीच होत नाही म्हणून सांगितलं तर ते जुनं आहे. आणि संमती फक्त त्या बाईची लागते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, सासूची तर नाहीच. एकांतात तिला विचारलं जावं असं मी प्रत्येक वेळी बघते.

निर्णयाच्या आधी दोन डॉक्टरांना नक्की भेटा, लहान मुलांचे न्यूरोलॉजिस्ट आणि लहान मुलांचे न्यूरोसर्जन. त्यांना विचारा की असं मूल तुमच्याकडे दोन वर्षांचं, सहा वर्षांचं, बारा वर्षांचं येतं तेव्हा काय करत असतं, चालतं का, बोलतं का, स्वतः जेवतं का, किती ऑपरेशनं झालेली असतात. बाळ ठेवायचं ठरवलं तरी आणि नाही ठरवलं तरी मी त्या घराबरोबर असते, दोन्ही निर्णय माणसं पोटतिडकीने घेतात.

गर्भ थांबवायचा ठरला किंवा बाळ पोटात गेलं तर एक गोष्ट जवळपास सगळीकडे राहून जाते ती म्हणजे बाळाची नंतरची तपासणी. त्या वेळी कोणालाच ते नको वाटतं, मला कळतं, पण शवविच्छेदन, पूर्ण शरीराचा एक्स-रे, फोटो आणि डीएनए जपून ठेवणं एवढं झालं नाही तर पुढच्या वेळी आमच्या हातात काहीच नसतं. पूर्ण नको असेल तर निदान डीएनए, फोटो आणि एक्स-रे तरी करा, आणि हे ॲडमिट होण्याआधी लिहून सांगा, रात्री दोन वाजता प्रसूती झाली की कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि त्या बाईला आधीच सांगून ठेवा की दोन-तीन दिवसांनी दूध येईल. बाळ नाही आणि पाझर फुटतो, तेव्हा ती एकटीच बाथरूममध्ये रडत असते. डॉक्टरकडून त्याची गोळी आधीच मागून घ्या.

पाचवं काम: बाळ जन्माला येणार असेल तर

प्रसूती अशा ठिकाणी करा जिथे नवजात अतिदक्षता विभाग आणि लहान मुलांची न्यूरोसर्जरी एकाच आवारात किंवा शेजारी आहे, परळला वाडियाची मॅटर्निटी आणि लहान मुलांचं हॉस्पिटल तसं आहे. प्रत्येकाला सीझर लागतंच असं नाही, डोक्याचा आकार बघून ठरतं. पाठीवरचं छिद्र उघडं असेल तर बाळाला पालथं किंवा कुशीवर ठेवायचं, त्यावर सलाइनने ओलं निर्जंतुक गॉज आणि वर स्वच्छ प्लास्टिक, आणि ऑपरेशन शक्यतो ४८ ते ७२ तासांत. या मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी होण्याची शक्यता जास्त असते, पहिल्या दिवसापासून लॅटेक्स नसलेले हातमोजे वापरायला सांगा.

सोबत काय आहे हा शोध जन्मल्यावर पुन्हा एकदा करायचा: टाळूतून मेंदूची सोनोग्राफी, मग एमआरआय, हृदयाची इको, पोटाची सोनोग्राफी, डोळ्याचा पडदा, कानाची ओएई आणि बेरा, शुगर, सोडियम, थायरॉइड, कॉर्टिसॉल. डिस्चार्जच्या कागदावर यातलं काय झालं आणि काय राहिलं ते लिहून मागा.

घरी गेल्यावर तुमचं मोठं काम डोक्याचा घेर. न ताणली जाणारी शिंप्याची टेप घ्या, पुढे भुवयांच्या वर आणि मागे सगळ्यात उंच भागावरून फिरवा, तीनदा मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा तारखेसकट वहीत लिहा, आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच माणसाने. पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर जन्माला ३५ सेंटीमीटरच्या आसपास असतो, पहिले तीन महिने महिन्याला साधारण २, पुढचे तीन महिने १, मग अर्धा सेंटीमीटर वाढतो. आठवड्याला एक सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त वाढायला लागलं, बाळाला बसवल्यावरही टाळू फुगलेली राहिली, डोळे खाली ओढल्यासारखे झाले, उलट्या, सुस्ती, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. शंट बसवलेल्या बाळाला हीच लक्षणं शंट बंद पडल्याची, आणि सोबत ताप असेल तर इन्फेक्शनची, जे बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच होतं. रात्र असेल तरी न्यूरोसर्जरी असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. शंटची कंपनी, प्रकार आणि तारीख लिहिलेला कागद मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये.

आणि झटके. तीन ते बारा महिन्यांत, बहुतेक झोपेतून उठल्यावर, बाळ मान खाली घालतं, दोन्ही हात पुढे येतात, क्षणभर थांबतं, सुटतं, पुन्हा तसंच, असं एकामागोमाग होतं आणि मधे रडतं. घरात म्हणतात दचकतंय, पोटात कळ आलीय, दृष्ट लागलीय. ते इन्फन्टाइल स्पाझम असू शकतात आणि प्रत्येक आठवडा महत्त्वाचा असतो. मोबाईलवर व्हिडिओ काढा, पूर्ण बाळ दिसेल असा, आणि त्याच दिवशी लहान मुलांच्या न्यूरोलॉजिस्टला दाखवा, ईईजी (मेंदूच्या लहरींची तपासणी) करून घ्या. आधी दृष्ट काढायची असेल तर काढा, पण व्हिडिओ आधी पाठवा.

फिजिओ, स्पीच, गिळण्याची थेरपी निदानाची वाट न बघता सुरू करा. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा संस्था आहे, वांद्रे रेक्लमेशनला ऐकण्या-बोलण्यासाठी अली यावर जंग संस्था, शिवाय अपंग मुलांसाठीच्या ॲडॅप्ट आणि उमीद अशा संस्था अनेक वर्षं काम करतायत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्यांच्या ठिकाणी लवकर उपचाराची केंद्रं आहेत, त्यामुळे पालघर-रायगडच्या लोकांनी आधी आपल्या जिल्ह्यात विचारावं. पैशाचं म्हणाल तर हॉस्पिटलच्या समाजसेवकाला पहिल्याच दिवशी भेटा: सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना, आणि धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे, ते न मागता कोणी देत नाही. नंतर यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, आणि नॅशनल ट्रस्टचा निरामय विमा, त्यात सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, ऑटिझम, बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर आहे.

पुढच्या वेळेसाठी

ग्रहणात भाजी चिरली, जिना चढली, पपई खाल्ली, यातल्या कशानेही मेंदूचा दोष होत नाही. ज्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतो ती मज्जानलिका गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते, तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेलेत हेही कळलेलं नसतं. त्यामुळे फॉलिक ॲसिड गरोदर राहिल्यावर नाही, आधी सुरू करायचं, किमान एक महिना आणि जमलं तर तीन, रोज ४०० मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष होता तर पुन्हा होण्याची शक्यता शंभरात तीन-चार असते आणि अशा बाईला डॉक्टर ४ ते ५ मिलिग्रॅम देतात. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासात ४ मिलिग्रॅमने ही शक्यता ७२ टक्क्यांनी कमी झाली होती. पूर्ण शाकाहारी असाल तर बी१२ पण तपासा. आकडीसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, गरोदर राहायच्या आधी न्यूरोलॉजिस्टकडून बदलून घ्या. शुगर आधी ताब्यात आणा.

दोष दोन्ही आईबापांकडून आलेल्या जीनमुळे होता हे सिद्ध झालं असेल तर चारात एक ही शक्यता प्रत्येक वेळी नव्याने असते, आणि नेमका जीन माहीत असेल तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन तपासता येतं. कारण सापडलं नसेल तरी १२ व्या आठवड्यात फीटल मेडिसिनकडे स्कॅन करा, कवटी न बनणं आणि मोठे दोष तेव्हाच दिसू शकतात, मग १६ ला एकदा आणि २० ला सविस्तर. जाताना आधीच्या बाळाचे स्कॅन, मायक्रोअरे आणि शवविच्छेदनाचा रिपोर्ट न्या, आणि डीएनए कुठल्या लॅबमध्ये, कुठल्या नंबरने ठेवलाय तो कागद त्याच फाइलीत सगळ्यात वर लावा.